पट्टीखाली

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांतली खोट काढली.
केसाएवढी शाई सरकली की शीट बाजूला.
अंगठ्याला अजून तो कागद आठवतो,
बाकी कशाला तो फारसा भाव देत नाही.

आणि माझ्याच दारात
फियाटच्या डाव्या अंगाची चकाकती पट्टी
दोन वर्षं सुतळीने बांधून ठेवलेली.

इंदू म्हणाली, गाडी पस्तीस हजारांची
आणि पट्टीला तीन हजार?
त्यापेक्षा एखादी परात घ्या.
परातीवरून मला वडके आठवले.

तांबट गल्लीत आता ठोके मोजकेच.
वडक्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पट्टी नखाने वाजवली, कानाशी धरली.
हिला आवाज नाही, म्हणाले.
भांडं सांगतं कुठे दुखतं ते. ही मुकी.
तरी घेतली.
वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकत राहिले,
इतकं हळू
की शेजारच्या दुकानातल्या बातम्या
मला शेवटपर्यंत ऐकू आल्या.
पैसे अर्धेच घेतले. अर्धीच सरळ झालीय, म्हणाले.

रबर द्वारकेला मिळालं, मीटरवर.
मोईन म्हणाला, फियाटचं वेगळं येत नाही आता, काका.
हे टेम्पोचं. बसवलं की फियाटचं.
जानेवारीची थंडी, रबर काठीसारखं ताठ.
गच्चीवर पसरलं उन्हात,
इंदूच्या आवळ्याच्या फोडींशेजारी.
दुपारपर्यंत ते मऊ झालं, आवळे कडक.

खाचेत सुतळी भरायची.
साबणाचं पाणी फिरवायचं.
एकाने बाहेरून काच दाबायची,
दुसऱ्याने आत बसून सुतळी ओढायची,
म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर चढतो.
बेचाळीस वर्षांच्या संसारात
इतकं एका ठेक्यात आम्ही काहीच ओढलं नव्हतं.
कोपऱ्याशी ती थांबली.
इथे मुडपतोय, म्हणाली,
आणि स्वतःच्या वेणीची पिन काढून
तो ओठ तिने सरळ केला.

मग राहिली डावी बाजू.
जुन्या क्लिपा काढल्या. सातांतल्या पाच पिचलेल्या,
सहावीच्या जागी कोणीतरी
आगकाडी खुपसलेली.
माती निघाली, गंज, वाळून दगड झालेलं पॉलिश,
आणि ओल्या फडक्याखाली
दोन बोटं रुंद, दारापासून दारापर्यंत
हिरवा.
पाणी उतरायच्या आधी
द्राक्षाच्या मण्याला असतो तेवढाच.

देवळालीच्या होमाईबाईंनी चावी देताना सांगितलं होतं,
गाडी पहिल्यापासून सफेद.
सांगताना बॉनेटवर एकदा तळहात ठेवला होता.
मला वाटलं, धूळ बघतायत.

अठ्ठावीस वर्षं मी ही गाडी पुसली.
दारांच्या कडा, डिकीचं झाकण, पेट्रोलचं तोंड.
रंगाऱ्याने कुठे काही सोडलं नव्हतं,
फक्त पट्टी काढायचा कंटाळा केला.
नोट असती तर
पहिल्याच नजरेत बाजूला टाकली असती.

का रंगवली असेल?
विचारायला आता बाई नाहीत,
आणि असत्या तरी
मी विचारलं असतं असं वाटत नाही.

नव्या क्लिपा बसवल्या.
वडक्यांची पट्टी, अर्धी सरळ, अर्धी तशीच,
एका टोकाने अडकवली, आणि थांबलो.
जिन्याकडे तोंड करून हाक मारली.
इंदू हात पुसत आली. वाकली.
बराच वेळ काही बोलली नाही.
बोट जवळ नेलं,
लावलं नाही.

मग उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.
झाका आता, म्हणाली,
ऊन लागेल त्याला.