पाव किलो मसूर

ओलिमार नदीच्या अलीकडे, दुसऱ्या गल्लीत
माझं दुकान.
पाटीवर अजून 'एलेउतेरियो आणि मुलगा'.
त्यातला मुलगा मी, वय अठ्ठावन्न.
पाटी बदलायची राहून गेली.

उरुग्वेत माणसांपेक्षा गुरं जास्त,
हिशेब आम्ही ताटात मिटवतो.

बैलाचं हृदय मला डोळे मिटून उघडता येतं.
वरची पिवळी चरबी नखानं सुटते,
मग सुरी एकदाच, वरून खाली,
आणि आत ताणलेले पांढरे दोरे,
जणू कुणी तंबू ठोकला आणि रात्रीच निघून गेलं.
हजारो उघडली. लोक बहुतेक कुत्र्यासाठी नेतात.
एकदाही मनात आलं नाही
की हीच वस्तू माझ्या ॲप्रनमागे
पहाटे चारपासून राबतेय, बिनपगारी.

"ओरोस्मानचं काळीज मोठं," गाव म्हणायचं,
कारण उधारीची वही मी उघडत नाही.
मार्चमध्ये फोटो बघून
डॉक्टर इरुरेताबाईही तेच म्हणाल्या.
हसल्या नाहीत.

पडद्यावर तीन फांद्या, एक मध्येच संपलेली.
मी म्हटलं, ही चरबी.
"तुम्हाला कसं कळलं?"
बाई, आयुष्यभर तीच सोलतोय.

बाप बावन्नाव्या वर्षी गेला, बरगड्या तोलताना.
काटा कितीतरी वेळ हलत होता म्हणे.
भाऊ सत्तेचाळिसाव्या, रविवारी, निखाऱ्यांशेजारी,
हातात चिमटा.
आमच्यात याला झटका म्हणत नाहीत,
घराणं म्हणतात.
"घराणं असेल थोडं," बाई म्हणाल्या,
"बाकी ताट आहे."

पहिला आठवडा मी मागच्या खोलीत
दार लावून मसूर खाल्ले,
जसे बाकीचे पुरुष दार लावून दुसरं काही करतात.
कांदा, तमालपत्र, भोपळ्याची फोड, चिमूटभर मीठ.
नाहिरनं डबा दिलेला, वर झाकणाला चिकटपट्टी,
बापावर लेकीचा एवढाच विश्वास.
चव? लहानपणी तापात आई भरवायची तशी.
शिक्षेची वाटली नाही. सुट्टीची वाटली.

चालणं आधी नदीपर्यंत. मग पुलापर्यंत.
आता पलीकडच्या निलगिरींपर्यंत,
बगलेत थर्मास, हातात मातेचा तुंबा.
तो बाईंनी सोडायला सांगितला नाही.
सिगरेटला मात्र एका हिवाळ्याचीही मुदत नाही.

रविवारी जाळीवर माझा कोपरा वेगळा,
रताळं, ढोबळी मिरची, वांगं काळं होईस्तोवर.
मेहुणा विल्मार म्हणाला, "सशाचं जेवण."
मी चिमटा त्याच्या हातात दिला
आणि भावाची खुर्ची दाखवणार होतो.
तो आधीच तिकडे बघत होता.

दुकान बंद का नाही केलं, विचारतात.
घरात तीन तोंडं, आणि मला दुसरं येतं काय?
रोज कुणाला तरी ते विकतो
जे मी खात नाही.
टोचतं ते. जिना चढताना,
जिथे पूर्वी छातीत टोचायचं, तिथेच.

जूनमध्ये काउंटरखाली एक पोतं ठेवलं.
पाटी लावली नाही.

आज देल्फाबाई आल्या, नेहमीसारखं कुत्र्यासाठी हृदय.
मी कागदात गुंडाळत होतो, त्या पुढे वाकल्या,
औषधाच्या दुकानात बोलतात तशा हळू,
"ते खालचं... आहे का?"
किती?
"पाव किलो. आमच्या ह्यांना सांगू नकोस,
त्यांना वाटतं मी सॉसेज घालते त्यात."

तराजू पुसला. परत एकदा पुसला.
दाणे ओतले.
काटा हलला, हलत राहिला,
मी श्वास धरून बघत होतो कशाला कुणास ठाऊक,
आणि थांबला.

"आणि कुत्र्याचं विसरशील," त्या म्हणाल्या.