स्कोअररची वही

मेरगूचे सत्तावीस होमरन अजून सांगतात लोक
सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर,
दरवेळी एखादा वाढवून.
मी स्कोअरर होतो. वही माझ्याकडे आहे.
डावीकडं टॉवेल कारखाना, पावणेदोनशे फुटांवर.
पत्रा वाजला की होमरन, असं ठरलेलं.
एवढ्यात तर माझी आजारी मेहुणीपण मारेल की बे.

मल्लेशमचं वेगळं. सलग एकशेबारा सामने,
ताप नाही, लग्न नाही, मयत नाही.
जिल्ह्यानं शाल दिली. त्यानं ती उन्हातच पांघरली,
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत,
फोटोवाला येईपर्यंत.

त्याच्या पाळीला मागावर कोण उभं राहायचं
याला वहीत रकाना नाही.

एकदा चेंडू हुडकत मी पत्र्याखाली गेलो.
चार माग धडधडत होते, मधे भूलक्ष्मी,
मल्लेशमची थोरली बहीण,
केसांत कापसाची पांढरी लव.
काही बोलली नाही. तुटलेला धागा आधी जोडला,
मग खोक्यातून चेंडू काढून दिला.
मी उगाच म्हटलं, सत्तावीस झाले मेरगूचे.

"एकतीस," ती म्हणाली.
"पत्रा वाजला की दचकते मी. धागा जातो.
मालक दंड कापतो, म्हणून मोजते."

चार फाउल होते. मला आठवत होते ते.
तिला फाउल म्हणजे काय, ते सांगावं वाटलं,
सांगितलं नाही.

मेरगूलाही नाही सांगितलं काही.
त्यानं एकतीसच धरले असते.