एक श्रेयांक

तीन दिवस, पाच सत्रं, प्रत्येक सत्राची एक सही,
शेवटी पंधराशे शब्दांचं मनन.
एवढ्यावर एक क्रेडिट मिळतं,
सकाळी आठच्या तासाला न उठता.
म्हणून मी आले डुलुथला, मानवी हक्कांच्या परिषदेला.
खोटं कशाला बोलू.

बाबा फोनवर म्हणाले, क्रेडिट म्हणजे उधारीच ना गं?
बार्शीच्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात
गल्ल्यावर पाटी आहे, आज रोख उद्या उधार,
आणि पाटीमागे जाडजूड वही, उधारीचीच.
मी म्हटलं, नाही हो, श्रेयांक.
श्रेय? कुणाचं?
रेंज जातेय म्हणाले आणि ठेवून दिला फोन.

हॉटेलच्या दाराशी गुडरूनबाई,
ऐंशीच्या पुढच्या, मांडीवर विणकाम.
गळ्यातल्या पट्टीवर त्यांनी मला केटाकी केलं.
सही त्यांचीच लागायची, हिरव्या शाईची,
सत्र संपल्यावर. आधी मागितली
तर सुया न थांबवता मान हलवायच्या.

चौथं सत्र शनिवारी, जेवणानंतरचं,
डोळ्यांवर झापड येण्याच्या वेळेचं.
दुभाषा बर्फात अडकलेला, हायवे बंद.
त्याच्या जागी एक मुलगा उभा राहिला,
आमच्याच कॉलेजचा हूडी घातलेला.
बाई बसून बोलत होत्या, करेन भाषेत, हळू,
टेबलावरच्या कापडाला बोटांनी घडी घालत, मोडत.
तो उभ्याने इंग्रजीत सांगायचा,
दुभाष्याच्या नियमाप्रमाणे, प्रथमपुरुषी.

आय, म्हटलं की इंग्रजीत झालं.
बाई आहे की बुवा, क्रियापद विचारत नाही.
मराठी दारातच अडवते.
मी टिपणं घेत होते मराठीत, भराभर होतात म्हणून,
आणि लिहून गेले: रात्री मी नदीत उतरलो.
आवाज त्याचा होता ना.
मग खोडून: उतरले.
पाणी छातीपर्यंत. मुलगा दोन वर्षांचा, पाठीशी बांधलेला.
रडू नये म्हणून त्याच्या तोंडात उसाचं कांडं.
पलीकडे कंदील होता, तो आपल्यांचा की त्यांचा
हे अर्ध्या नदीत असताना कळत नव्हतं.

तो रडला नाही, असं मुलगा म्हणाला
आणि पाणी शोधू लागला.
बाईंनी आपला ग्लास त्याच्याकडे सरकवला,
न बघता, घरी सरकवतात तसा.

सहीच्या रांगेत तो माझ्यापुढे,
हातात माझ्यासारखाच पिवळा फॉर्म. नाव सॉ एह डो.
गुडरूनबाई म्हणाल्या, बोलणाऱ्यांचा फॉर्म निळा असतो,
त्यांना क्रेडिट नाही, मानधन.
बोलली आई, तो म्हणाला.
मी नुसता हजर होतो.
किती तास?
त्याने कोटांच्या खुंट्यांकडे पाहिलं,
तिथे बाई वर हात करून आपला कोट काढत होत्या.
दीड, म्हणाला.

आय, आय, असं तो दीड तास म्हणत राहिला होता.
आमच्याकडे खेड्यात आईला आयच म्हणतात,
हे मला सुचलं तेव्हा माझा नंबर आला होता,
आणि केटाकी, केटाकी, अशी हाक दोनदा झाली होती.

बाहेर तळ्यावर मालाचं जहाज येत होतं.
जहाज भोंगा वाजवतं, पूल तसाच भोंगा परत वाजवतो,
मग वर उचलला जातो.
थंडीने पेन चालेना. दोन्ही हातांत धरून ऊब दिली,
उतरले खोडलं, आधी खोडलेलं उतरलो पुन्हा लिहिलं,
आणि मीच्या जागी आम्ही.
एवढीच दुरुस्ती. बाकीचे शब्द
रविवारी रात्री बसून भरले, पंधराशे सात झाले.
पाचव्या सत्रातलं काही आठवत नाही.

डिसेंबरात बाबांनी विचारलं, झालं का जमा?
झालं.
आणि नावे कुणाच्या पडलं?
त्यांचं शिक्षण वहीतलं. एकीकडे जमा
तर दुसरीकडे कुणाच्या तरी नावे, त्याशिवाय पान मिटत नाही.
हॅलो, म्हणाले. ऐकू येतंय का?

रेंज चांगली होती.