उरलेली अक्षरं

लेक म्हणाली, तीन ढीग कर:
ठेवायचं, द्यायचं, टाकायचं.
नव्या फ्लॅटात एकच कपाट आहे, आई,
तेही बॉयलरनं अर्धं अडवलेलं.

सकाळपासून मी चौथाच ढीग करतेय,
त्याला नाव नाही.

मागच्या खोलीतून बंद गिरणीचं धुराडं दिसतं.
हडर्सफील्डला सगळ्याच मागच्या खोल्यांतून दिसतं.
त्याच्या साक्षीनं उपसतेय:
बारा बाय बाराचे कागद, इतके देखणे
की कात्री लावायचा धीर झाला नाही,
आता न वापरताच कडेनं पिवळे;
ओकच्या पानाचा पंच, हिमकणाचा पंच,
चांदणीचा, ज्यातून पडलेल्या चांदण्या
एकवीस दिवाळ्या आकाशकंदिलाला पुरल्या;
रॉबिन पक्ष्याचे शिक्के सहा.
सहा! एका एवढ्याशा पक्ष्याचे!
दगड झालेला डिंक. रिबिनींची अर्धी रिळं.
आणि अठ्ठावीस डब्यांना मिळून
एकच सबब: अर्ध्या किमतीत होतं.

चमकीची बाटली फुटली त्याला पंधरा वर्षं झाली.
गालिचा बदलला, पडदे बदलले,
चमकी आहे.
ह्यांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा
नर्सनं ह्यांच्या कानामागून टिपला
एक चंदेरी कण, आणि हसून विचारलं,
घरात नातवंडं आहेत वाटतं?
मी हो म्हटलं.
नव्हती.

मग तळाशी अक्षरांच्या चिकटपट्ट्या निघाल्या.
रोमन. देवनागरीच्या कुणी काढल्याच नाहीत,
म्हणून आईला ‘आई’ इंग्रजीत डकवायची,
त्यात दोन ए जायचे. बाबांत दोन.
सातारा लिहायचं तर तीन.
माझ्या प्रत्येक पट्टीतला ए आधी संपायचा,
डोरीनच्या पट्टीतला ई.
तिच्या नावातच दोन.
गुरुवारी लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
चहा गार होईस्तोवर आमचा बाजार चाले:
तिचे ए मला, माझे ई तिला,
सुट्ट्या पैशांसारखे मोजून.
क्यू आणि झेड दोघींनाही नको असत.

तुमच्या भाषेत इतके ए कशाला गं लागतात,
तिनं एकदा विचारलं.
सांगू गेले, पण माझं इंग्रजी
दुकानापुरतं आणि डॉक्टरपुरतं.
कसंबसं म्हटलं: ए ही नुसती हाकसुद्धा असते.
नाव न घेता, जिन्याखालून, ए, ऐकतेस का.
परक्याला मारत नाहीत ती.
ती म्हणाली, आमच्यात ओय म्हणतात,
आणि परक्यालाच मारतात.
एवढी हसली की दातांची कवळी सावरावी लागली.

मार्चमध्ये गेली डोरीन.
ब्लॅकपूलहून मुलगा आला,
दोन दिवसांत घर उपसून मोकळं. तीन ढीग केले असणार.
जाताना माझ्या दारात एक पाकीट देऊन गेला.
वर माझं नाव, मोठ्या चिकट अक्षरांत, वत्सला,
पण एक ए कमी.
वीस वर्षांत तिचं स्पेलिंग चुकलं नव्हतं.
आत सगळे ए.
सोनेरी, ठिपक्यांचे, ख्रिसमसचे लाल,
नखाएवढे, तळहाताएवढे,
एकही दुसरं अक्षर नाही.
नावातला वाचवून तोही आत टाकला असावा.

आता कुणाला लिहू?
आई, बाबा, सातारा,
पत्ता नाही यातल्या कशालाच.

चार वाजता शाळेची व्हॅन येईल.
मिसेस हार्ग्रीव्ह म्हणाल्या, सगळं चालेल,
मुलांना काहीही चालतं, डिंकसुद्धा.
सहा रॉबिन द्यायचे.
कागद द्यायचे, कापतील बिचारी, मला जमलं नाही.
पंच द्यायचे. चांदणीचा
द्यायचा.

पाकिटातून एक ए काढला, साधा काळा,
आणि माझ्या नावात, जिथे जागाच सोडलेली नव्हती,
तिथे दोन अक्षरांवर चढवून डकवला.
तिरका बसला.

ए आई, खालून लेक ओरडली,
झालं का गं?

आले, म्हटलं.
पाकीट पर्समध्ये टाकलं.
क्यू आणि झेड टाकायच्या ढिगात.
मग जिन्यावरून परत फिरून
झेड तेवढे व्हॅनच्या खोक्यात ठेवले,
असेल एखादी झारा, एखादा झुबेर त्या वर्गात.