चौथी पायरी

सव्वीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनाखाली उताणी पडून
मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या.
तेलकट अंगठ्यानं पान उलटावं
तर तिथे छापलेलं:
‘झडप योग्य प्रकारे बसवली जावी.’
योग्य म्हणजे कशी रे, बाबा?
आणि कुणी बसवायची? तुझ्या मेहुण्यानं?

आता कारखान्याला कुलूप आहे, मी एकावन्नाची,
आणि वासा शहरातल्या विद्यापीठात
समुद्राकडच्या खिडकीशी बसून
शिव्या खायची विद्या शिकते.
वर्गात माझ्या मुलीच्या वयाची पोरं.
त्यांना माझ्या नखांतलं काळं दिसतं,
ती विचारत नाहीत.

सुवान्तोबाई म्हणाल्या,
एका पायरीत एकच काम.
कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला लपू नका.
आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधी,
नाहीतर वरातीमागून घोडं.
सगळ्यांनी टिपून घेतलं.
मला रेइनो आठवला.
त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
त्याच्या मॅन्युअलमध्ये ती ओळ
पुढच्या पानावर होती.

मग गृहपाठ आला:
हाताला येतं पण तोंडाला सांगता येत नाही
असं काहीतरी लिहा.
मी लिहिलं, बर्फाखाली जाळं कसं लावायचं.
अकरा पायऱ्या. दोन आकृत्या.
चौथी पायरी: ‘बर्फाचा आवाज ऐका.’

बाईंची लाल पेन्सिल तिथेच अडली.
कोणता आवाज? किती वेळ?
आलाच नाही तर?

चाचणीसाठी येरो मिळाला, बांजुलचा,
उसन्या कोटात, फेब्रुवारीतल्या खाडीवर,
माझा कागद दोन्ही हातांत धरून.
नियम असा की लेखकानं बोलायचं नाही.
‘तुम्ही मेलात असं समजा,’ बाई म्हणाल्या,
‘मागे फक्त कागद राहिलाय.’

त्यानं भोक पाडलं. मापलं. मान डोलावली.
चौथ्या पायरीशी आला,
टोपी काढली,
आणि सरळ पालथा पडून
कान बर्फाला लावला.

मी हातमोजा चावत उभी.
उठ रे, गोठेल कान! पण मी मेलेली.

वडिलांनीही मला एवढंच सांगितलं होतं: ऐक.
मी नऊ वर्षांची. मान हलवली.
खरं सांगायचं तर
मला काही कळलं नव्हतं.
त्यांना बरं वाटावं म्हणून हलवली.
नंतर कधीतरी आवाज कळायला लागला
आणि आधी कळत नव्हता
हेच विसरून गेले.

येरो उठला. कान लालबुंद.
म्हणाला, ‘खाली लांब कुणीतरी
जड दार ओढतंय.’

त्या रात्री मी सहावा खर्डा केला.
सर्वात वर, चौकटीत:
दहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर मागे फिरा.
आणि चौथ्या पायरीत:
एक मिनिट उभे राहा. कानावरून टोपी सरकवा.
लांबून जड दार ओढल्यासारखं ऐकू आलं तर पुढे जा.
पायाखाली कडकडलं तर
आल्या पावलांवरून परत या.

बाईंनी ‘दार’ शब्दाखाली रेघ ओढली.
उपमांना आमच्या धंद्यात जागा नसते.
पण खोडला नाही.
समासात एवढंच: कुणाचा शब्द?
मी खाली लिहिलं: वापरणाऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी जाळ्यात चार पर्च निघाले
आणि एक बूट, तो आम्ही मोजला नाही.
येरोनं कागद उलटसुलट करून पाहिला.
‘साफ करायची पायरी कुठेय?’
लिहिलीच नव्हती.

म्हटलं, ये, दाखवते.
सुरी काढली,
आणि त्याच्या हातात द्यायच्या आधी
म्हणाले:
धार तुझ्याकडे आहे.