पस्तीस वॅट

सुगंधा काचगुंडेनं काउंटरवर ठेवला
तिच्या सेतू केंद्राचा संगणक,
भाकरीच्या डब्याहून लहान,
पदरात धरून आणलेला,
कारण कडा अजून चटका देत होत्या.
"दुपारचे दोन वाजले की मरायलंय बघा.
फॉर्म अर्धा भरला की पडदा काळा.
लोकं मलाच शिव्या द्यायलेत."

मी स्क्रू काढला, झाकण सरकवलं.
आत फक्त सरकी नव्हती;
बाकी मानवतचा अख्खा हंगाम होता तिथं,
जिनिंगवरून उडालेला कापूस
पंख्याच्या पात्यांना, ॲल्युमिनियमच्या फटींना
नमदा होऊन बसलेला.
चिमट्यानं ओढला तर सलग निघाला,
एक वात होईल एवढा.
मी टोपलीत टाकणार, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या,"
आणि मुठीत घेतला.

जुनी पेस्ट वाळून खपली झालेली.
ती स्पिरिटनं पुसली, हळूहळू,
चिपवरचं नाव वाचता येईपर्यंत.
आय थ्री. आठ वर्षांची, शाबूत.
पण तिला आता मोठी हवी होती.
"डबा लहान आहे, ताई," मी म्हणालो.
"डबा लहान म्हणून भूक लहान असती का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
नांदेडहून मागवली, वापरलेली, आय सेव्हन,
पासष्ट वॅटची.
मधोमध पेस्ट, ज्वारीच्या दाण्याएवढी,
मग एक पेच इकडचा, एक तिरपा तिकडचा,
थोडा थोडा, खाट विणताना ताणतात तसा.
सुरू झाली आणि काय पळाली!
तीन मिनिटं.
मग आकडे चढले,
ऐंशी, एक्क्याण्णव, अठ्ठ्याण्णव,
अडॅप्टर भट्टीतल्या विटेगत,
आणि चिपनं स्वतःच पाय आखडला,
जुन्या आय थ्रीच्याही मागं पडून
रांगायला लागली.
पंखा तेवढा ओरडत होता,
पाणी गेलेल्या हापशासारखा.

बाप माझा कुलरच्या मोटारी भरायचा.
तांब्याची तार बोटांतून सोडत म्हणायचा,
मशीन कामानं जळत नसतं,
आतली झळ निघायला वाट नसली की जळतं.
हे तो फक्त मोटारींबद्दल म्हणायचा.
घरातली दारं तर तो स्वतःच लावून घ्यायचा.

त्याचंच ड्रिल माळ्यावरून काढलं.
पहिल्या भोकाला हात थरथरला,
नंतर झाकणाची चाळणी झाली.
वर मच्छरदाणीचा तुकडा, कापसासाठी.
आणि सेव्हन काढून बसवली
त्याच पिढीची आय फाइव्ह,
आकड्यापुढं टी लिहिलेली, पस्तीस वॅटची,
कागदावर पाहिली तर सुस्त.

सुगंधाताईचं तोंड उतरलं.
"पैशाचं नाही हो. पण सातातून पाचावर आलाव ना आपण?"
मी बोललो नाही. आकडे मलाही टोचत होते.
मी नुसतं बायोसमध्ये जाऊन
पंख्याला सांगितलं, उशिरा नको,
साठापासूनच फिरायला लाग.

मेचा दुसरा आठवडा.
तिच्या केंद्रात, पत्र्याखाली, मी मुद्दाम गेलो.
दोन वाजले. रांग दारापर्यंत,
उत्पन्नाचे दाखले, जातीचे, कुणाचा नुसता झेरॉक्स.
दोन वाजून दहा. वीस.
पडदा उजळ. अंगठे उमटत होते, पावत्या निघत होत्या.
मी तापमान उघडून पाहिलं.
बाहेर पंचेचाळीस, आत एकाहत्तर.
"गार आहे," मी म्हणालो.
"गारच की," ती म्हणाली,
आणि गळ्यावरचा घाम पुसला.

तीनला लाइट गेली.
इन्व्हर्टरनं एकदा हुंदका दिला, संपला.
पंखा गरगरत थांबला, तरी
झाकणाच्या भोकांतून ऊब वर येत राहिली.
मी तळहात धरून बसलो तिच्यावर.
रांगेतलं कुणी हललं नाही.