वाटप

वूस्टर, ओहायो. फेब्रुवारीतला मंगळवार.
चर्चच्या तळघरात सात खुर्च्या, एक घडीचं टेबल
आणि कॉफीचं ते भांडं, जे उकळताना
बोलू का नको असं घसा खाकरत राहतं.

बावीस हजार चारशे डॉलर. अर्ज अकरा.
हारलन स्टट्झमन चष्मा कपाळावर चढवून
शिसपेन्सिलीनं आकडे मांडतो.
जन्मभर दुभती जनावरं राखली त्यानं,
कुठली गाय आटली ते त्याला लांबूनच कळतं.
"हे विहिरी खणणारे," तो म्हणतो,
"यांचा कागद फार गुळगुळीत आहे."
तेवढ्यावर विहिरी गेल्या.

मग आमच्याच रस्त्यावरचं धान्यकेंद्र.
त्यांचा फ्रिज बंद पडलाय,
दूध मागच्या दाराशी बर्फात पुरून ठेवतात.
यावर पाऊण तास. हे मिशन म्हणायचं का?
मिशन म्हणजे समुद्रापलीकडचं, डोलोरेस म्हणाली.
आधी पोटोबा, मग विठोबा,
आमच्या ख्रिस्ती घरातही आत्या बेधडक म्हणायची.
ते इंग्रजीत कसं सांगावं, याचा विचार करेपर्यंत
फ्रिज मंजूर झाला.

मी इथे मिसेस सी.
चक्रनारायण यांच्या जिभेवर बसत नाही,
म्हणून सहा वर्षं इतिवृत्तात मी एक अक्षर.

अर्ज सातवा. कोल्टन रीस, वय चोवीस.
फोटोखाली ओळ: जिथे अजून कुणी ऐकलेलं नाही.
फोटोत तो हसतोय, मागे शाळेची भिंत.
भिंतीवर, जेवणापूर्वी हात धुवा.
भिंतीवर, येथे लघवी करू नये.
आणि कडेला अर्धी कापलेली एक कमान,
तिच्यावर 'ख्रिस्ती मंडळी, स्थापना'
आणि साल येण्याआधी फोटो संपतो.

"तू तिकडचीच ना," डोलोरेसनं विचारलं. "तुला काय वाटतं?"

माझी पणजी एका वहीत आहे.
दुष्काळाच्या सालची वही,
अशाच कुठल्या तळघरातून गेलेल्या पैशाची.
मुलगी क्रमांक चौदा. ज्वारी, पाटी, एक लुगडं.
नाव नाही.
कुणीतरी बर्फातून चालत येऊन हात वर केला असणार,
तिच्यासाठी दुसरं काही कापलं असणार,
छपराची डागडुजी, कुणाचा पगार,
किंवा मुलगी क्रमांक पंधरा.
त्या हातामुळे मी या टेबलाशी बसलेय.
त्याच हाताला तिचं नाव विचारावंसं वाटलं नाही.
ही दोन्ही मला एका वाक्यात बसवता येत नाहीत,
मराठीतही नाही.

मी म्हटलं, या कमानीखालच्या माणसांना
आधी एक पत्र लिहूया.
हा मुलगा तुम्हाला हवाय का?
हवा असेल तर कशासाठी?
हारलननं कागद चाळले.
"असा फॉर्म नाही आपल्याकडे."
"मग कोऱ्या कागदावर लिहू."
कोल्टन जूनपर्यंत लांबणीवर.

एवढं करूनही अठराशे कमी पडत होते.
नजरा फिरून फिरून केंट इबरसोलवर येत होत्या.
बोलिव्हिया. तीन वर्षं पत्र नाही, हिशेब नाही.
आई मात्र दर रविवारी तिसऱ्या बाकावर.
पाळकांनी प्रार्थना केली.
प्रार्थनेनंतरही अठराशे कमीच होते.
हात वर गेले. माझाही.

"तिला सांगायला बाईमाणूस बरं," पाळक म्हणाले,
आणि सगळ्यांना एकदम
आपापले कप विसळायचे आठवले.

लोइसनं दार उघडलं, माझे बूट वर्तमानपत्रावर ठेवले,
चहा टाकला. वाक्य मी गाडीत तीनदा घोकून आणलं होतं.
अर्ध्यावर आले असेन.
"त्यानं मलाही लिहिलेलं नाही," ती म्हणाली,
आणि भिंतीवरच्या नकाशातली सैल झालेली टाचणी
अंगठ्यानं दाबून
पुन्हा आत बसवली.